तानूबाईचं दुसरं मरण

तानूबाई खरोखर गेली तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. वर्षभर आधी गोकुळने तिला एकदा मारलंच होतं.

गोकुळ तिचा धाकटा, राखोलीला सुताच्या कारखान्यात मशीनवर कामाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुट्टी मागितली, तर सुपरवायझर उदयसाहेब अंगावर धावून आला. मेला कधी सण करतो की नाही, कोण जाणे! शेवटी फोनवर म्हातारीनेच तोड काढली, "आई मेली म्हणून सांग. पण घरी ये."

गोकुळ साहेबापुढे धाय मोकलून रडला आणि खानदेशात घरी पोचला. "माझ्या तेराव्याचं जेव रे," म्हणत तिने त्याला स्वतःच्या हाताने पुरणपोळी वाढली, खदाखदा हसली.

यंदा थोरल्या भावाचा फोन आला. आई गेली, लवकर निघ.

गोकुळ पुन्हा साहेबापुढे उभा राहिला. तरुणपणी नवरा गेल्यावर तिने वीटभट्टीवर राबून पाच पोरं वाढवली, अर्ध्या गावाची बाळंतपणं केली, सगळं सांगितलं. गेल्या वर्षीचं खोटंही कबूल केलं. मात्र डोळ्यांत टिपूस येईना.

साहेबाने हजेरीवरून मान वर केली.

"जा मशीनवर. गेल्या वर्षी मेली, तेव्हा बरा रडला होतास."