कृष्णात मीटअपला जातो

कराडात बसस्थानकामागं एका मिठाईच्या दुकानावर लहानसा हॉल आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथं सॉफ्टवेअरवाली पोरं जमतात आणि पुण्याहून आलेला कोणीतरी नव्या फ्रेमवर्कवर बोलतो. चार वर्षांत हा मीटअप एकदाही न चुकवलेला माणूस एकच, कृष्णात. वय त्रेचाळीस, गाव म्हसवडच्या पलीकडं, नोकरी एका सहकारी दूध संघाच्या कॉम्प्युटर विभागात. त्या विभागात तो, एक पंखा आणि दोन प्रिंटर एवढेच होते.

पहिल्या रांगेत डावीकडची खुर्ची त्याची. वहीत तो तारीख घालायचा, वक्त्याचं नाव, फोन नंबर आणि फ्रेमवर्कचं नाव लिहायचा, आणि खाली शेरा मारायचा, ‘आधीच्यापेक्षा चांगलं.’ कारण प्रत्येक वक्ता तेच सांगायचा, की मागं ऐकलंत ते आता जुनं झालं. पण मागचा वक्ताही जीव तोडून बोलला होता, त्यामुळं कृष्णातला त्याचं जरा वाईट वाटायचं. अशी, परत परत आलेली वगळून, एकवीस फ्रेमवर्कं वहीत जमली. त्यातल्या एकावरही त्यानं कधी प्रोग्रामची एक ओळ लिहिली नव्हती.

वक्ते जाताना स्टिकर आणि टी-शर्ट वाटायचे. स्टिकर त्याच्या जेवणाच्या डब्यावर चिकटले, टी-शर्ट गावी गेले. थोरला भाऊ आकाराम तेच घालून माळावर मेंढरं हिंडवायचा. एका फ्रेमवर्कचा कारभार त्याच्या कंपनीनंच केव्हाचा गुंडाळला होता, पण त्याचा टी-शर्ट आकारामच्या अंगावर तिसरा उन्हाळा काढत होता. रंग पक्का निघाला.

एकदा आकारामनं विचारलं, की छातीवर हे काय लिवलंय. कृष्णातनं समजावलं, घर बांधायचं तर खांब-तुळया आयत्या उभ्या करून मिळाव्यात आणि आपण नुसत्या भिंती भराव्यात, तसा सॉफ्टवेअरातला आयता सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क.

“आन् दर म्हैन्याला नवा सांगाडा?”

“व्हय. सुधारणा हाय ती.”

“मग भिंती कवा भरता रं?”

कृष्णातनं चाऱ्याचा विषय काढला.

खरं तर भिंती त्यानं कधीच भरल्या होत्या. नोकरीला लागला त्याच वर्षी, कुणी सांगितलेलं नसताना, त्यानं संघासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. सांगाडा-बिंगाडा काही नाही. एकशे दहा संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ तो चालायचा. दूध मोजलं, फॅट लागली, पावती निघाली. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सतरा वर्षांत तो दोनदा बंद पडला, त्यात एकदा उंदरानं वायर कुरतडली होती. या प्रोग्रामची कृष्णातला लाज वाटायची. मीटअपला कोणी विचारलं तर “दुधाचं बारकंसं काम हाय” म्हणून तो वड्यांच्या ताटाकडं सरकायचा.

मग एका शनिवारी पुण्याचा वक्ता खंबाटकी घाटात अडकला. हॉलमध्ये चाळीस माणसं, वडे गार होत आलेले. मीटअप भरवणारा वीरधवल, पंचविशीतलं पोरगं, कृष्णातपाशी येऊन हळूच म्हणाला, “दादा, तुम्ही सगळ्यांत जास्त ऐकलंय. अर्धा तास बोला.”

नाही म्हणायला जीभ उचलेना. कृष्णात पुढं उभा राहिला. एकवीस फ्रेमवर्कांपैकी कशावर बोलावं ते सुचेना, म्हणून त्यानं आपल्या लॅपटॉपवरचा दुधाचा प्रोग्रामच भिंतीवर दाखवला. काळा पडदा बघून हॉल खो खो हसला. कृष्णातही हसला, कारण दुसरं काय करणार. मग तो सांगत गेला. केंद्रावरच्या माणसाचे हात ओले असतात, म्हणून सगळा प्रोग्राम फक्त आकड्यांच्या बटणांवर चालतो. पहाटे लाइट जाते, म्हणून प्रत्येक लिटर लगेच जपून ठेवला जातो. रेंज नसते, म्हणून तो इंटरनेटची वाट बघत नाही. हळूहळू मागच्या रांगेतली पोरं उठून पुढं येऊन ऐकू लागली. शेवटी एका मुलीनं विचारलं, यात फ्रेमवर्क कोणतं? कृष्णात ओशाळून म्हणाला, “न्हाई घेतलं. तवा म्हाईतच नव्हतं.”

टाळ्या बराच वेळ वाजल्या. वीरधवलनं व्हिडिओ टाकला. सोमवारी डबा उघडताना कृष्णात स्वतःशीच हसत होता.

तो व्हिडिओ संघाचे तरुण संचालक यशराज यांनीही पाहिला. पहिली तीन मिनिटं पाहिली. त्यात काळा पडदा होता आणि चाळीस माणसांचं हसणं होतं. पुढच्या बैठकीत ते उठून म्हणाले, की आपल्या संघाचं गावभर हसं होतंय. ठराव झाला, नव्या फ्रेमवर्कवर नवं सॉफ्टवेअर करायचं. जबाबदारी कुणाची यावर चर्चाच झाली नाही. चार वर्षं त्याचंच शिक्षण घेणारा माणूस घरात असताना बाहेरचा कशाला?

घरी येऊन कृष्णातनं बायकोला, रेश्माला, सगळं सांगितलं.

“एकवीस ऐकली. येत एकबी न्हाई.”

रेश्मा भाकरी थापत होती. “मग बाविसावं ऐकायच्या आदी एक शिका,” ती म्हणाली.

वहीतल्या नंबरांवर त्यानं वक्त्यांना फोन लावले. बऱ्याच जणांनी नोकऱ्या बदलल्या होत्या. दोघं तर ज्याच्यावर बोलले तेच फ्रेमवर्क आता वापरत नव्हते. एकानं मात्र तासभर न कंटाळता समजावलं. कृष्णातनं त्याचंच फ्रेमवर्क घेतलं. संघाला दिलेल्या अहवालात या निवडीची तांत्रिक कारणं दोन पानं भरली.

चौदा महिने लागले. पहिले चार नुसते चुकण्यात गेले. दहाव्या महिन्यात त्या फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली आणि निम्मं काम परत करावं लागलं. पण काम त्याच्या हाताखाली हळूहळू उभं राहत होतं, आणि ते त्याला आवडतंय हे कळायला त्याला उशीर लागला. आकड्यांची बटणं त्यानं तशीच ठेवली. लाइट आणि रेंजचंही जुनंच डोकं आत घातलं. बाहेरून मात्र हिरवा-पांढरा पडदा, कोपऱ्यात संघाचं चिन्ह.

कोरेगावजवळच्या एका केंद्रावर नारळ फुटला. यशराज सुधारणेवर बोलले. मग किटली घेऊन पहिल्या आल्या बयाबाई. अठरा वर्षं त्या याच खिडकीत दूध घालत होत्या. पावती त्यांनी डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली.

“काय बदललं गं, आज्जी?” यशराजनी हौसेनं विचारलं.

“अक्षार मोठं झालं,” बयाबाई म्हणाल्या. “बरं झालं. लय बारीक यायचं.”

अक्षर मोठं करायला जुन्या प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला असता तरी भागलं असतं. कृष्णातनं हे कुणाला सांगितलं नाही. यशराजनी त्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्यानं तो घालून घेतला.

पुढच्या शनिवारी तो मीटअपला गेला. वक्ता नवा, चुणचुणीत. त्यानं पडद्यावर कृष्णातच्याच फ्रेमवर्कचं नाव दाखवलं आणि हसत विचारलं, हे अजून कोण वापरतं? एकच हात वर गेला. वक्त्यानं अदबीनं सांगितलं, की काका, यातून बाहेर पडायची वेळ झाली. कृष्णातनं वहीत नव्या फ्रेमवर्कचं नाव लिहून घ्यायला पेन काढलं, तेवढ्यात फोन वाजला. एका केंद्रावर पावती निघेना. तो जिन्यात गेला आणि प्रिंटरचा कागद उलटा घातलाय हे समजावून सांगेपर्यंत पाव तास गेला. आत आला तर टाळ्या वाजून गेल्या होत्या आणि वडे संपले होते. वीरधवलनं त्याच्यासाठी टी-शर्ट तेवढा राखून ठेवला होता. मोठ्या मापाचा. आकारामला बरोबर बसणारा.