चक्क्याच्या फडक्यातून गाळलेली शाई

सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी एकतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी माणसांना झापण्यात घालवली. नव्याने आलेल्या पोराला मी त्याच्याच डोक्यावरचा एक केस उपटायला लावायचो, तो मायक्रोमीटरमध्ये धरून त्याची जाडी वाचायला सांगायचो. "एवढ्याने चुकलास तरी माल भंगारात," असं वर ऐकवायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते काही न कळणाऱ्या माणसाने केलेलं नाही.

निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी आम्ही जुने सोबती कारखान्याजवळच्याच एका टपरीवर चहाला जमतो. एकदा त्यातल्या एकाने विचारलं, "काय साहेब, हल्ली मेथी निवडता का घरी?" सगळे हसले. मेथी मी निवडतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी ते झोंबलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणालो, "तांब्याची शाई करतोय घरच्या घरी. साध्या प्रिंटरमधून कागदावर वायरिंग छापायचं. पुढच्या शनिवारी कागदावर दिवा पेटवून दाखवतो." खरं तर तोवर मी फक्त एक व्हिडिओ पाहिला होता, तोही अर्धा.

घरात प्रिंटर होता, पण तो माझा नव्हता, बायकोचा होता. ती हरसूलच्या पुढे एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पुस्तकातली चित्रं तिथल्या मुलांच्या ओळखीची नसतात, म्हणून ती वाचनाची पानं घरीच तयार करते. त्यात नागली असते, खेकडा असतो, मोहाचं फूल असतं आणि खाली मोठ्या काळ्या अक्षरात त्यांची नावं. रविवारी छापायची आणि सोमवारी पिशवीत घालून एसटीने न्यायची. त्यासाठीच तिने बाटलीने शाई भरायचा तो प्रिंटर घेतला होता आणि त्याच्यावर स्वतः विणलेलं झाकण घातलं होतं.

मोरचूद, म्हणजे तांब्याचंच निळं मीठ, मेहुण्याच्या द्राक्षबागेतून आणलं. फवारणीसाठी त्याच्याकडे ते नेहमीच असतं. केमिस्टकडून व्हिटॅमिन सी घेतलं. ती शाळेला गेली की गॅलरीत माझा कारखाना सुरू. मोरचुदाच्या गरम पाण्यात व्हिटॅमिन सी घातलं की निळं पाणी आधी हिरवट होतं, मग पिवळट आणि हळूहळू विटकरी. तो विटकरी रंग म्हणजे तांब्याचे बारीक बारीक कण. पहिल्यांदा तो रंग आला तेव्हा मी एकटाच गॅलरीत टाळ्या वाजवल्या. ते कण धुऊन, पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून त्यात कालवले आणि झाली माझी शाई.

आता ती गाळायची होती. प्रिंटरची छिद्रं केसापेक्षाही बारीक असतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. त्यासाठीची खास गाळणी मागवावी लागते, ती यायला आठ दिवस. शनिवार मात्र दोन दिवसांवर आला होता. स्वयंपाकघराच्या खणात चक्का बांधायचं मलमलचं फडकं होतं. मी विचार केला, ज्या फडक्यातून चक्क्याचा कण खाली पडत नाही, त्यातून आपल्याला नको तो कण काय पडणार? केसाची जाडी मोजायला लावणारा मी, दह्याच्या फडक्यावर विसंबलो. चौपदरी करून शाई गाळली. प्रिंटरमधली काळी शाई सिरिंजने काढून घेतली आणि तिच्या जागी माझी ओतली.

पहिलं पान आलं. त्यावर फिकट तांबूस तीन रेघा. कण एकमेकांना चिकटावेत म्हणून वर कागद ठेवून इस्त्री फिरवली आणि मीटरच्या दोन्ही सुया दोन बोटांच्या अंतरावर टेकवल्या तर मीटर चक्क वाजला, म्हणजे रेघेतून वीज जात होती. दुसऱ्या पानावर एकच रेघ आली, तीही तुटक. तिसरं पान कोरं आलं. मग मी गरम पाणी घातलं, पुसलं, काळी शाई परत भरली, दहादा सफाईचं बटण दाबलं. प्रिंटर नुसता कण्हत राहिला. शेवटी सगळं होतं तसं ठेवून त्यावर विणलेलं झाकण घातलं. फडकं साबणाने तीनदा धुतलं, तरी कडेला डाग राहिलाच. तसंच वाळवून, घडी घालून खणात ठेवलं. शनिवारी टपरीवर गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

रविवारी सकाळी बायकोने हाक मारली. "अहो, जरा बघता का? अक्षरंच उमटत नाहीयेत." तिच्या हातातल्या पानावर खेकडा लालभडक आला होता, फूल पिवळं आलं होतं आणि खाली सगळं कोरं. मी बॅटरी आणली, झाकण उघडलं, आत डोकावलो, हं हं केलं. माझ्यातला तो तज्ज्ञ आठवला की मला आजही अंगावर काटा येतो.

तीच हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात मी ती सुटी शाई भरली होती ना, तिनेच घात केला असणार."

तेव्हा मी नुसता गप्प बसलो असतो तरी कमी पाप लागलं असतं. पण चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हणालो, "मग! स्वस्त दिसली की ओतायची! मशीन म्हणजे काय पिठाचा डबा वाटला तुला?"

तिने कार्बन पेपर काढले आणि जेवणाच्या टेबलावर बसून बावीस मुलांची पानं हाताने लिहायला लागली. मी पट्टी घेऊन तिला रेघा आखून दिल्या. "तुमचं आखणं किती सरळ," ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून निभावलं." मी मान वर केली नाही. दुरुस्तीवाल्याने नंतर प्रिंटरचं शाई सोडणारं हेडच गेलं म्हणून सांगितलं. त्यानंतर प्रत्येक रविवारी ती लिहीत राहिली, मी रेघा आखत राहिलो. खरं सांगायचं रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निमित्त काढायचो.

पाडवा जवळ आला. तिच्या एका पानावर 'श्र' होता आणि शेजारी श्रीखंडाची वाटी. एका मुलीने विचारलं म्हणे, "बाई, ते कसं लागतं? तुमी खाल्लं का?" बाईंनी सगळ्या वर्गाला कबूल करून टाकलं की सोमवारी आणते. रविवारी सकाळी दूधवाल्याकडून दही आणलं, फडक्यात बांधलं आणि सिंकच्या नळाला टांगलं. "कसला डाग पडलाय बघा याला, चहाचा वाटतो," म्हणाली आणि वेलदोडे आणायला खाली गेली.

मी दारात उभा होतो. पाणी टपटप गळत होतं. तांब्याच्या भांड्यात दही लावू नये हे कुठल्याही घरातल्या लहान पोराला माहीत असतं. इथे तर बागेत फवारायच्या मोरचुदाचं फडकं होतं आणि खाणारी होती बावीस मुलं. तीन धुण्यांत ते किती गेलं, किती राहिलं, हे मोजायचं कुठलंच यंत्र माझ्याकडे नव्हतं. ती येईपर्यंत थांबून खरं सांगता आलं असतं. मी काय केलं? गाठ सोडली आणि सगळं दही सिंकमध्ये पाडलं.

ती आली, बघत राहिली. मग पिशवी ठेवत म्हणाली, "मीच गाठ सैल बांधली असेल. हल्ली हातात जोरच राहिला नाही, लिहून लिहून."

ते मात्र मला सोसलं नाही. सिंककडे तोंड करून मी सगळं सांगितलं. टपरीवरची बढाई, मोरचूद, फडकं, प्रिंटर, आत्ताची गाठ. ती मध्ये एकदाच बोलली. "आणि ते फडकं परत घडी घालून खणात ठेवलंत?" मी हो म्हणालो.

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "प्रिंटर गेला तर गेला. पण माझी चूक नाही हे माहीत असताना मला बोललात कसे?"

तिने पर्स घेतली. डेअरीत तयार चक्का मिळतो, मी घेऊन येतो, असं मी म्हणालो आणि चपला घालायला लागलो.

"नको," ती म्हणाली. "मुलांच्या पोटात जायचंय. मी स्वतः बघून आणते."