गणेशवेलाची दुसरी लावणी

तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. ग्रहणात भाजी चिरली तरी काही होत नाही, मांजर आडवं गेलं तर ते आपल्या कामाला गेलेलं असतं, हे कोऱ्हाळ्यातल्या निम्म्या गावाला मी शिकवलंय. म्हणून पुढचं लिहिताना मला लाज वाटते.

माघात मी गणेशवेलाचं बी चहाच्या कागदी कपांत टाकलं होतं. बारीक पानांचा, लाल फुलांचा, एका हंगामाचा वेल. चार-चार पानं फुटल्यावर रोपं पडवीतल्या सहा कुंड्यांत लावायची होती. सून मदतीला होती. ती इंदापूरची, लग्नाला चार वर्षं झालेली. मला आत्या म्हणते. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. वेलाच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून रोप कपातल्या मातीसकट खाली सोडायचं, हे तिला एकदाच दाखवावं लागलं.

कुंड्या मात्र मी भरल्या होत्या. गळीत हंगाम चालू होता आणि शेजारच्या तात्यांच्या शेतात प्रेसमडच्या ट्रॉल्या पडत होत्या. उसाचा रस गाळून कारखान्यात उरतो तो काळा गाळ. उसाला एवढा मानवतो तर वेलाला का नाही, असं म्हणून मी दोन घमेली आणून मातीत मिसळली. विचारायचं कुणाला? मी शिक्षिका ना!

चौथ्या दिवशी सहाही रोपांनी माना टाकल्या. शेजारीण आली होती. तिनं कुंड्यांकडं बघितलं, सुनेकडं बघितलं आणि म्हणाली, "कुणाचा तरी विटाळ पडला बघा."

पाळीत बाईनं वेलाला हात लावला की वेल जळतो, असं आमच्याकडं अजून मानतात. मी तिला तिथल्या तिथं झापायला हवं होतं. त्याऐवजी मीच सुनेकडं वळले. "काय गं, अडचणीत हात लावलास व्हय?"

ती खाली बघत म्हणाली, "न्हाय आत्या. दीड महिना झाला, अडचण आलीच न्हाय."

चार वर्षं आम्ही ज्या बातमीची वाट पाहत होतो, ती तिनं मनाशी जपून ठेवली होती. मी ती परक्या बाईसमोर, तिला गुन्हेगार ठरवून, तिच्या तोंडून काढून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी तात्यांनी एका कुंडीत बोटं खुपसली आणि लगेच बाहेर काढली. "बाई, हात घालून बघा. भट्टी हाय ही. ताजं प्रेसमड तापतं. दोन-तीन महिनं कुजवावं लागतं. मुळं भाजली की हितं." मी सुनेला हाक मारली आणि तात्यांना ते तिच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. ती "व्हय का" म्हणाली आणि आत गेली.

तीन आठवड्यांनी तिचं मूल गेलं. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं, की असं पुष्कळजणींचं होतं, यात कुणाचीच चूक नसते. तिनं मान हलवली. आठ दिवसांनी भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "आत्या, माझ्या हातातच कायतरी असंल का? रोपंबी मीच लावली व्हती."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ते तिच्या डोक्यात माझ्याच तोंडून गेलं होतं.

त्यानंतर ती पडवीतल्या कुंड्यांजवळ जाईना. तुळशीला पाणीही मलाच घालायला लावी. मी सांगून पाहिलं, रागावूनही पाहिलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, तिच्या पोटात त्यातलं काही उतरत नव्हतं.

ज्येष्ठात मी पुन्हा बी टाकलं. या वेळी कुंड्यांत साधी माती, जुनं शेणखत आणि थोडी वाळू. रोपं तयार झाली तरी मी थांबले. तिला पाळी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, मी कप तिच्यापुढं ठेवले.

"आज तूच लावायचीस."

तिनं हात मागं घेतले. "आज नगं आत्या. जळत्याल."

"जळू देत. मग मीबी मानीन."

तोऱ्यात बोलून तर बसले, पण ही रोपं जगली नाहीत तर ती जन्मभर मुलाचा दोष स्वतःच्याच अंगाला लावून घेणार होती.  शेवटी तिनं सहाही लावली, पाणी घातलं, सुतळ्या ताणून वर गजाला बांधल्या.

मागच्या अंगणात मी दोन कप राखून ठेवले होते. ते तिला सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या कुंडीतलं रोप बुडाशी कुजून आडवं झालेलं दिसलं. बाकीची पाच ताठ होती. ती उठायच्या आत मी ते उपटून उकिरड्यावर टाकलं आणि राखलेल्यातलं एक तिथं लावलं. विज्ञान शिकवणारी बाई पुरावा बदलत होती.

महिन्याभरात वेल सुतळीवर चढले. पहिलं लाल फूल आलं तेव्हा मी तिला हाताला धरून पडवीत आणलं. "बघ, सहाच्या सहा!" माझा आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

ती कोपऱ्यातल्या कुंडीपाशी बसली. "हे माझं न्हाय आत्या. मी रोज पानं मोजत व्हते. माझ्या रोपाला सा पानं व्हती, एका रातीत धा कशी व्हत्याल?"

मी मागच्या अंगणातला उरलेला कप आणून तिच्यापुढं ठेवला.

"म्हंजी तुमालाबी भ्या वाटलं व्हतं."

"वाटलं गं," मी म्हणाले. "लई वाटलं."

तिनं त्या वेलाचा खाली लोंबणारा शेंडा उचलून सुतळीवर घेतला. "एखादं जातंच की आत्या. पाच जगली न्हवं? मला सांगायचं. लपवायचं कशाला?"

मूल गेल्यापासून ती माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्या दिवशी रडली.