कप्तान करवतचा आवाज

रेडिओ केंद्रातल्या टायपिस्टबाईंना देवाने आवाज देताना माप चुकवलं, असं त्यांच्या आईचं ठाम मत होतं. अंगकाठी चिमणीएवढी आणि आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. घरचा फोन त्यांनी उचलला की पलीकडचा माणूस हमखास म्हणायचा, "साहेब, जरा घरातल्या बाईंना देता का?" लहानपणी पाहुणे आले की आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळे वटारायची. "हळू बोल गं! मुलीच्या जातीला शोभतं का हे?" बाई हळू बोलायला शिकल्या. इतक्या पक्क्या शिकल्या, की मोठ्याने बोलायचं असतं हेच विसरून गेल्या.

अशा बाईने शहरातल्या यच्चयावत पोरांची पाचावर धारण बसवली, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा. अकरा वर्षांपूर्वी एका नटालाही हसूच आलं होतं.

केंद्रावर तेव्हा मुलांसाठी एक साहसमालिका सुरू व्हायची होती. तिच्यातला खलनायक म्हणजे कप्तान करवत, उडत्या जहाजातून चाचेगिरी करणारा लुटारू. हा रात्री दीपस्तंभांवर उतरायचा, त्यांचा उजेड पोत्यात भरून न्यायचा आणि खाली अंधारात गलबतं खडकावर आपटताना निवांत बघत बसायचा. कामाला एक धिप्पाड नट आणला होता. तो असा गरजायचा आणि वर असा खदाखदा हसायचा, की दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसले होते. पुढच्या भागाची पानं द्यायला आलेल्या बाईंना राहवलं नाही.

"ओरडतो तो स्वतःच घाबरलेला असतो," त्या म्हणाल्या. "करवतला कशाला ओरडावं लागेल?"

नट हसून म्हणाला, "मग तुम्हीच दाखवा की बाई!"

बाईंनी चपला दाराशी काढल्या, माईकपासून चार बोटांवर तोंड नेलं आणि पानावरचं वाक्य एकेक शब्द जिरवत म्हटलं, "उजेड माझा आहे. तुम्ही डोळे मिटून घ्या."

नट पाणी प्यायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

तेव्हापासून करवत बाईंचा. आईच्या धाकाने गिळलेला आवाज त्या दर रविवारी सकाळी माईकपुढे थोडा थोडा सोडायच्या आणि घराघरांत पोरं उशा कवटाळून बसायची. पत्रं यायची. "करवत, तू सडून मर." "करवत, तुझ्या जहाजाला वाळवी लागो." एका पोराने तर शिव्या कमी पडल्या म्हणून खाली जागा मोकळी सोडली होती. बाई ती पत्रं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायच्या आणि आईला वाचून दाखवायच्या.

"एवढ्या शिव्या खाऊन मिरवतेस काय?" आई म्हणायची.

"अगं, कमवाव्या लागतात या!" बाई म्हणायच्या. अंगावर मूठभर मांस चढायचं त्यांच्या.

त्यांची अट एकच होती. करवतचा आवाज कुणाचा, हे रेडिओवर कधीच सांगायचं नाही. दोरीचा चष्मा लावणारी एक टायपिस्ट हे करते असं कळलं, तर पोरं घाबरतील कशाला? आणि पोरं घाबरली नाहीत, तर करवत उरला कुठे?

म्हणूनच मालिकेचा शेवटचा भाग सभागृहात, मुलांसमोर करायचं ठरलं, तेव्हा बाईंनी साफ नकार दिला. "मला बघून पोरं हसतील. अकरा वर्षं पाण्यात जातील माझी."

"मग असं करू," दिग्दर्शक म्हणाले. "त्या धिप्पाड नटाला उभा करतो. तो ओठ हलवेल, तुम्ही पडद्यामागून बोला."

बाईंच्या डोळ्यांत अंगार उतरला. "माझा करवत तो करणार? मी येते."

सभागृह गच्च भरलं होतं. तिसऱ्या रांगेत काठी धरून आई बसली होती. लेकीला काम करताना ती पहिल्यांदाच बघणार होती. निवेदकाने घोषणा केली, "आणि हा पाहा, कप्तान करवत!" करड्या कपड्यांतल्या, दोरीच्या चष्म्यातल्या बाई पुढे आल्या. कुणीतरी खुसखुसलं. "ही तर आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या बाईंसारखी आहे!" झालं, हशा पिकला.

बाई माईकपाशी गेल्या. चार बोटं अंतर. नेहमीसारखं हळूच म्हणाल्या, "उजेड माझा आहे."

काहीच ऐकू गेलं नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, माईकच बंद पडला होता. हशा दुप्पट झाला. दिग्दर्शक पडदा पाडायच्या खुणा करू लागले. माईकशिवाय बाईंचं हळू बोलणं पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हतं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"अगं, मोठ्याने बोल! माझ्यापर्यंत येऊ दे!"

सेहेचाळीस वर्षांत त्या तोंडून हे शब्द बाईंनी कधी ऐकले नव्हते. त्या तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी चपला काढल्या आणि माईक हाताने बाजूला सारला. ओरडल्या नाहीत त्या. इतकी वर्षं दाबून धरलेला आवाज फक्त सोडून दिला.

"उजेड माझा आहे."

शेवटच्या रांगेमागच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. हसणारी तोंडं उघडीच राहिली. बाईंनी सगळ्या सभागृहावरून सावकाश नजर फिरवली.

"तुम्ही डोळे मिटून घ्या."

आणि झाडून सगळ्या पोरांनी डोळे गच्च मिटले. पोरांबरोबर आलेल्या मोठ्यांनीही मिटले. निवेदकानेसुद्धा.

तिसऱ्या रांगेत एकटी आई तेवढी डोळे सताड उघडे ठेवून बसली होती, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला चांगलं मोठ्याने सांगत होती, "माझी मुलगी आहे ती."