माळ्यावरचे प्रकल्प

बाजाराच्या मागच्या गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक लांबट शेड होती. तिथं कोळशावर वीज तयार करणारे कारखाने बनत. एकेक कारखाना दीड पलंगाएवढा. वीतभर धुरांडं, प्लॅस्टरचे पेल्यासारखे, पाणी थंड करायचे मनोरे, निळ्या काचेसारखा राखेचा तलाव, आणि एका कोपऱ्यात खराखुरा कोळसा, कुटून, चहाच्या गाळणीतून गाळलेला. हे सगळं बनवणाऱ्या माणसाला लोक नमुनेवाला म्हणत. बायकोचं म्हणणं असं की दुसरा कुणी असा नमुना शोधून सापडणार नाही, पण ते घरातलं बोलणं झालं.

मोठ्या कंपन्यांना कारखाना काढायचा असला की आधी नकाशे या शेडमध्ये येत. कंपनीकडं मंत्री यायचे, बँकवाले यायचे, आणि जनसुनावणीला ज्यांच्या जमिनी जायच्या तीही माणसं यायची. त्या सगळ्यांना दाखवायला काहीतरी हवं. कागदावरच्या रेघा कुणाला कळतात? टेबलावर चकचकीत कारखाना ठेवला आणि खालून बारीक दिवे लावले की शहाणीसुरती माणसंही लहान पोरांसारखी वाकून बघतात.

नवशिका असताना त्यानं एकदा हौसेनं धुरांड्याच्या तोंडाशी कापूस चिकटवला होता. धूर म्हणून. कंपनीच्या साहेबानं तो दोन बोटांनी उचलला आणि उस्तादाच्या हातावर ठेवला. "आमच्या कारखान्यातून धूर येत नाही," साहेब म्हणाला. उस्तादानं साहेब जाईपर्यंत दम धरला आणि मग चेल्याच्या कानाखाली असा आवाज काढला, की नमुनेवाला पुन्हा जन्मात कापसाच्या वाटेला गेला नाही.

चांगल्या दिवसांत कामाला तोटा नव्हता. एक नमुना शेडबाहेर पडायचा तोवर दुसऱ्याची फळी कापलेली असायची. आणि टेबलावर जे उभं राहिलं ते चार-पाच वर्षांत जमिनीवरही उभं राहायचं. लांबच्या प्रवासात एखादं धुरांडं दिसलं की तो शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून सांगायचा, "हे माझं." शेजारचा अंग चोरून बसायचा.

झाडांबाबत त्याचा एक ठोकताळा होता. स्पंजचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून झाडं करायची. पहिल्या नमुन्यांत चिमूटभर झाडं पुरायची. पुढं लोक खोकल्याबद्दल बोलायला लागले, नदीतल्या माशांबद्दल बोलायला लागले, तशी झाडं वाढत गेली. विरोध जितका जास्त तितका स्पंज जास्त. शेवटी शेवटी अशी वेळ आली की झाडांतून कारखाना शोधावा लागायचा.

मग वारं फिरलं. कारखाना जाहीर व्हायचा, नमुना बनायचा, भाषणं व्हायची, आणि पुढं कुठंतरी माशी शिंकायची. एकाला बँक पैसे देईना, दुसऱ्याला पाणी मिळेना, तिसऱ्याला समजलं की उन्हावरची वीज कोळशापेक्षा स्वस्त पडतेय. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. कार्यालयांतून नमुने परत यायला लागले, कारण न झालेला कारखाना रोज डोळ्यांसमोर कुणाला हवा असतो? नमुनेवाल्याला ते मोडवेनात. त्यानं शेडमध्ये माळा घातला आणि जुन्या चादरी पांघरून एकेक वर चढवला. आता त्याला कामं मिळत ती इमारतींची, इस्पितळांची, उन्हावरच्या विजेच्या निळ्या पत्र्यांची.

माळा भरत गेला तसा त्याच्या बोलण्याला भार आला. न्हाव्याच्या खुर्चीत बसून, गालाला साबण लागलेला असताना, तो सगळ्या जगाच्या विजेचा निकाल लावायचा. "कोळशाचे दिवस भरले. लिहून ठेवा. माझा माळा बघा म्हणजे कळेल." उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं? न्हावी मान डोलवायचा, कारण वस्तरा चालू असताना वाद घालायची त्याची रीत नव्हती.

आता त्याच्या अक्काबद्दल सांगायला हवं, कारण जे झालं ते तिचं झालं.

आई गेली तेव्हा तो गुडघ्याएवढा होता. अक्का त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिनं त्याला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, शाळेत त्याचं डोकं चालत नाही हे ओळखून उस्तादाकडं नेऊन बसवलं. दिवसभर काहीतरी ठोकत बसायचा म्हणून ती त्याला ठोक्या म्हणायची. तो पन्नाशीला आला, डोक्यावर केस शोधावे लागू लागले, तरी ठोक्याच. तिचं घर नदीच्या वळणावर एका लहानशा वस्तीत होतं. तिनं आणि नवऱ्यानं नदीतले दगड डोक्यावरून वाहून ते बांधलं होतं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. दारात एक डाळिंब होतं, त्याच्याशी ती माणसाशी बोलावं तसं बोलायची.

एके दिवशी शेडमध्ये नकाशांची गुंडाळी आली. त्यानं ती फळीवर पसरली आणि त्याला नदीचं वळण दिसलं. वस्तीभोवती तांबडी तुटक रेघ होती. रेघेच्या आत लिहिलं होतं, राखेचा तलाव, दुसरा टप्पा.

"घरं दाखवू का काढू?" त्यानं साहेबाला विचारलं.

"दाखवा की," साहेब म्हणाला. "सुनावणीला लोक आधी आपलं घर शोधतात. सापडलं की निम्मा राग तिथंच जातो."

म्हणून त्यानं वस्ती केली. एकेक घर मसुराच्या दाण्याएवढं. इतरांची घरं त्यानं नेहमीसारखी केली, पण अक्काच्या घराला भिंग लावून बसला. कौलांचा रंग दोनदा बदलला. दाराशी डाळिंबासाठी मोहरीएवढा स्पंज लावला.

त्याच आठवड्यात तो तिच्याकडं गेला. वस्तीत दोन तट पडले होते. कुणी म्हणत होतं जीव गेला तरी सही करायची नाही, कुणी म्हणत होतं आधी सही करणाऱ्याला भाव बरा मिळतो. अक्कानं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि समोर बसली.

"ठोक्या, तू यातला माणूस. तू सांग. करू सही?"

त्याला फार बरं वाटलं, हे खरं सांगायला हवं. जिनं त्याला जोडे घालायला शिकवले ती त्याचा सल्ला विचारत होती.

"बिनधास्त कर," तो म्हणाला. "हा कारखाना होतच नाही. असे माझ्या माळ्यावर धूळ खात पडलेत. पैसे घे आणि इथंच राहा. तुला उठवायला कोण येतंय?"

"आणि आले म्हणजे?"

"अक्का, मी नमुने करतो का तू?"

तिनं सही केली. आणि अक्कानं केली म्हटल्यावर, तिचा भाऊ कारखान्यांच्या आतल्या गोटातला म्हटल्यावर, शिंपिणीनं केली, नावाड्यानं केली, जीव गेला तरी म्हणणाऱ्या मास्तरानंही केली. साऱ्या वस्तीनं एका माळ्याच्या भरवशावर आपल्या पायाखालची जमीन लिहून दिली.

नशिबाची थट्टा अशी की त्याचं म्हणणं आधी खरंच ठरलं. कंपनीनं कुंपण घातलं, पाटी लावली, आणि पाटीवरचा रंग उडाला तरी पुढं काही हललं नाही. नमुना परत आला आणि चादर पांघरून वर गेला. कुंपणाच्या तारेवर वस्तीतल्या बायका कपडे वाळत घालू लागल्या. तो दिसला की अक्का हसून विचारायची, "काय रे, तुझी वीज कधी यायची?" आणि तो छाती फुगवून म्हणायचा, "बघ, म्हटलं नव्हतं?" सहा वर्षं त्यानं ही फुशारकी मिरवली.

मग एक उन्हाळा असा आला की अंगावर कपडा सहन होईना. घरोघरी थंड हवेची यंत्रं लागली आणि विजेचा भार पेलेना. पंखे बंद पडले, इस्पितळात माणसं दगावली. संगणकांची मोठमोठी नवी गोदामं आली, त्यांना रात्रंदिवस वीज हवी होती. कालपर्यंत कोळशाला नावं ठेवणारी तोंडं म्हणू लागली की आणखी थोडी वर्षं कोळशावाचून भागायचं नाही. नवी जागा शोधा, नव्या परवानग्या काढा, यात वेळ जातो. त्यापेक्षा जुने बारगळलेले प्रकल्प बरे. जमीन घेतलेली, सह्या झालेल्या.

एक तरुण साहेब शेडमध्ये आला. "काका, तो नदीकाठचा नमुना आहे का अजून? दोनाचे चार संच करायचेत."

नमुनेवाला शिडीवर चढला. चादर काढताना धूळ घशात गेली आणि त्याला खोकला आवरेना. न्हाव्यापुढं मिरवलेला तो माळा. त्याला वाटायचं ही स्मशानभूमी आहे. ते तर कोठार निघालं. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन नमुने खाली उतरले.

अक्काकडं कुणी विचारायला आलं नाही. विचारायचं काय? जमीन सहीच्या दिवसापासूनच तिची राहिली नव्हती. सकाळी यंत्रं आली. तो धावतपळत पोचला तेव्हा माणसं सामान बाहेर काढत होती. तो प्रत्येक साहेबापुढं हात जोडत फिरला. सगळे अदबीनं बोलले, एकानं तर पाणीही दिलं. मास्तर त्याच्याजवळून गेला तेव्हा थांबून त्याच्या पायाशी थुंकला आणि पुढं निघाला. अक्कानं घर झाडून काढलं, दार ओढून घेतलं, कुलूप लावलं, कुलूप ओढून बघितलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग ती भावामागून चालायला लागली. डाळिंबाला लहान लहान फळं धरली होती.

ती आता शेडमागच्या खोलीत राहते. भाजी निवडते, भावजयीशी हवापाण्याचं बोलते. झाल्या गोष्टीचा एक शब्द तिनं काढला नाही. तिनं आरडाओरडा केला असता, उस्तादासारखी कानाखाली दिली असती तर नमुनेवाल्याला श्वास घेता आला असता. जेवताना तो ताट अर्धं टाकून शेडमध्ये जाऊन बसतो. बायको म्हणाली, "अहो, एकदा तिच्याशी बोला तरी." पण बोलणार काय? वस्तीतली माणसं चहूकडं पांगली. शिंपीण लेकीच्या दारात पडून आहे, नावाडी दारूत बुडालाय. हे सगळं एका ताटापुढं बसून त्यानं केलं होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. इथं जळलं दुसऱ्यांचं होतं, आणि उशिरा का होईना, कळलं होतं त्याला.

नमुन्याचं काम पुढं सरकत होतं. त्यानं दोन नवी धुरांडी बसवली, कोळशाचं आवार वाढवलं. वस्तीच्या कोपऱ्याला हात लावला नाही. तरुण साहेब बघायला आला तेव्हा त्याच्या ते लगेच लक्षात आलं.

"काका, ही घरं अजून कशी? आता तिथं काही नाहीये. राखेचं राहू द्या, तिथं हिरवा पट्टा दाखवा. उद्या सकाळी गाडी येईल."

साहेब गेल्यावर त्यानं बारीक पटाशी उचलली. पहिल्याच घरापाशी पटाशी घसरली आणि पातं निळ्या तलावावर ओरखडलं. मागं पाऊल वाजलं. अक्का दारात होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"आण इकडं," ती म्हणाली.

तिनं पदर खोचला, नमुन्यावर वाकली आणि डोळे बारीक केले. सगळी वस्ती तिनं ओळखली. "ही शिंपीण," ती म्हणाली आणि पटाशीच्या टोकानं घर उचकटलं. "हा नावाडी. हे मास्तराचं, याची पडवी तू विसरलास." भाजी निवडावी तशी ती घरं काढत गेली आणि हाताखालच्या कागदावर ठेवत गेली. नमुनेवाला बाजूला उभा राहून रडत होता आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती.

शेवटी एकच घर उरलं. तांबडी कौलं, दाराशी मोहरीएवढी हिरवळ. अक्कानं ते बराच वेळ बघितलं. मग पटाशी त्याच्यापुढं धरली.

"हे तू काढ."

"अक्का..."

"हे तू काढ, ठोक्या."

त्यानं काढलं. डिंक घट्ट बसलेला. जरा जोर लागला आणि दाणा उडाला तो खाली भुश्यात. नमुनेवाला गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी भुसा चाळायला लागला, टेबलाखाली रांगला, चहाची गाळणी घेऊन मूठमूठ भुसा गाळू लागला. पन्नाशीचा माणूस जमिनीवर लोळत मसुराएवढं घर शोधत होता.

"अक्का, माझं चुकलं गं," तो खालूनच म्हणाला. "माझ्यामुळं झालं सगळं."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, मायेचाही नव्हता. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

तिनं घरांचा कागद दुमडून फळीवर ठेवला आणि स्पंजच्या झाडांचा डबा त्याच्याकडं सरकवला.

"ऊठ आता. झाडं लावायची राहिलीत."