जुन्या कपलिंगच्या वाघिणी

पैशात फसलेल्या माणसाला सहानुभूती तरी मिळते. चार लोक दारात येऊन हळहळतात, फसवणाऱ्याला शिव्या घालतात. मी फसलो तो वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या मालडब्यांवरून. हे कुणाला सांगायचं? एकदा भावाला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "अरे, खेळन्यावरून रुसतोस काय पोरासारका?" तेव्हापासून मी गप्प बसलो. पण गप्प बसलं म्हणून राग जातो असं नाही. तो अजून चांगला शाबूत आहे.

ऐंशी सालाच्या आसपास मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात टर्नर होतो, म्हणजे लेथ चालवायचो. राहायला शेजारीच कुंभवलीत. मूळ घर शिरगावचं, नारळी-पोफळीची वाडी असलेलं. वाडी सोडून मी लोखंड कातायला गेलो याचं वडिलांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

ज्याने मला फसवलं त्याची आणि माझी ओळख झाली बोईसरच्या रेल्वे फाटकात. पाळी सुटायच्या वेळी नेमकी मालगाडी यायची, फाटक पडायचं, आणि दोन्ही बाजूंचे सायकलवाले, टेम्पोवाले एका सुरात रेल्वेचा उद्धार करायचे. त्या गर्दीत सायकलवरून उतरून, मान लांब करून वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, बघणारा मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती. एक दिवस बाजूने आवाज आला, "ती टाकीवाली बग. चाक खराब हाय तिचं. आवाज ऐक." वळून पाहिलं तर माझ्याच वयाचा एक जण, सायकलच्या दांड्याला जेवणाचा डबा अडकवलेला. फाटक उघडलं तरी आमचं बोलणं संपेना. मागचा टेम्पोवाला ओरडला, "भाईसाब, शादी यहीं करोगे क्या?"

तो दुसऱ्या एका कारखान्यात दाब-तापमान मोजायची मीटरं दुरुस्त करायचा आणि पालघरला राहायचा. त्याची थोरली बहीण अमेरिकेत. तिने त्याला एक खेळण्यातली आगगाडी पाठवली होती. खेळण्यातली म्हणजे किल्लीची नव्हे, विजेवर चालणारी, खऱ्या गाडीच्या मापात बारीक केलेली. एका जुन्या दाराची फळी आडवी टाकून त्याने त्यावर रूळ ठोकले होते. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी जेवायचं विसरलो. त्याच्या आईला दोनदा हाका माराव्या लागल्या.

पुढे दर थंडीत ताई माहेरी यायची आणि येताना नव्या वाघिणी आणायची. कुठल्या आणायच्या ते आम्ही ठरवायचं. त्यासाठी तिने पाठवलेलं एक रंगीत पुस्तक होतं. आम्ही ते इतकं चाळलं की त्याची पानं भाकरीसारखी मऊ झाली. माझं मत ठाम असायचं. वाघिणीचं अंग बघायचं. रिबिटा बारीक हव्यात, शिडी अंगाबरोबर ओतलेली नको, वेगळी लावलेली हवी. चाकं बदलता येतात, रंग बदलता येतो, अंग बदलता येत नाही. त्याला मात्र पिवळ्याधमक, लाल पट्ट्यांच्या, बर्फातले मासे वाहणाऱ्या वाघिणी आवडायच्या. मी म्हणायचो, "असला डबा आपल्या रुळावर कदी बगितलास काय?" तो म्हणायचा, "आपल्या रुळावरचा बगायचा तर फाटकात उबा राव की!" शेवटी बहुधा माझंच व्हायचं. घरी जाऊन बायकोला सांगायचो की या वर्षी नवी वाघीण येतेय. ती म्हणायची, "घरात एक हाय ती पुरे नाय काय?"

आलेली वाघीण आधी माझ्याकडे यायची. तिची प्लास्टिकची चाकं काढून मी पितळेची बसवायचो. जेवणाच्या सुट्टीत लेथवर कातलेली, आणि प्रत्येक जोडीतल्या एका चाकाच्या पोटात नायलॉनचं बारीक बूच; नाहीतर दोन रुळांतली वीज चाकांतूनच एकत्र येणार आणि गाडी जागच्या जागी ठप्प. मग वजन. प्लास्टिकची वाघीण इतकी हलकी की वळणावर नुसती आडवी व्हायची. मी किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासेमारीच्या जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या आणायचो, ठोकून चपट्या करायचो आणि वाघिणीच्या तळाला आतून चिकटवायचो. गोळ्या देणारा म्हातारा दर वेळी विचारायचा, "जालं कुटं हाय तुजं?" एकदा कंटाळून मी खरं सांगितलं. त्यानंतर तो नुसता बघायचा, बोलायचा नाही. शेवटी गेरू आणि काजळी वार्निशमध्ये कालवून असा रंग द्यायचो की डबा थेट बोईसरच्या मालधक्क्यावरून उचलून आणलाय असं वाटावं.

इंजिन त्याचं, रूळ त्याचे. वाघिणी मात्र निम्म्या त्याच्याकडे आणि निम्म्या माझ्याकडे राहायच्या. ही वाटणी त्यानेच केली होती. हसत म्हणाला होता, "अर्दी गाडी तुज्याकडं असली म्हंजे रविवारी तुला बोलवायलाच पायजे." मला ते फार आवडलं होतं. दर रविवारी जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या माझ्या वाघिणी बिस्किटाच्या डब्यात घालून मी एस.टी.ने पालघरला जायचो आणि त्याच्या फळीवर दोन निम्मे जोडून पूर्ण गाडी करायचो. ती पहिला फेरा घ्यायची तेव्हा आम्ही दोघेही फळीला हनुवटी टेकवून बघायचो.

त्या गाडीत मला एकच गोष्ट सलायची, ती म्हणजे डब्याला डबा जोडणारं कपलिंग. वाघिणींना मुळात होती ती प्लास्टिकची, बेढब आकड्यासारखी. वळणावर सुटायची आणि दोन डब्यांमध्ये बोटभर फट ठेवायची. पुस्तकात नवी होती: धातूची, अगदी खऱ्या मालगाडीसारखी, दोन मुठी एकमेकींत अडकाव्यात तशी. मी त्या पानापाशी रेंगाळायचो. पण त्याने एक मुद्दा काढला. "बदलायच्या तर सगळ्या एकदम, नायतर एक पन नाय. नवी कपलिंग जुन्याला लागत नाय. निम्म्या बदलल्या तर तुजी गाडी माज्या गाडीला लागनार नाय. मग?" खरंच होतं. मला तर त्यात माया दिसली. माझी अर्धी गाडी तुटू नये म्हणून हा थांबतोय. "शब्द?" मी विचारलं. "शब्द," तो म्हणाला.

मग आम्ही वाट बघायला लागलो. एका थंडीत ताईला दुकानात मिळाली नाहीत. दुसऱ्या थंडीत बॅगेत जागा नव्हती. पुढे तर त्या कंपनीने बनवायचीच बंद केली म्हणे. त्याचं तोंड इतकं पडलेलं असायचं की मीच त्याची समजूत काढायचो, "जाऊ दे रे, आकडे काय वाईट नाय." समजूत काढणारा मी! आठवलं की आजही कानशिलं तापतात.

त्याच सुमारास रविवार गळायला लागले. कधी मुलीची परीक्षा, कधी घरी पाहुणे. मग फळीलाच वाळवी लागली. मी म्हटलं, आमच्या कारखान्यात पॅकिंगचं प्लायवूड पडलेलं असतं, घेऊन येतो. तो म्हणाला, "राव दे. आता तो नाद सोडला मी." मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. संसारी माणूस, नाद सुटतोही. माझ्या वाघिणी मी कपाटावर ठेवल्या, अधूनमधून काढून पुसायचो.

वर्ष-दीड वर्षाने आमचा फोरमन म्हणाला, "अमक्या कंपनीचे मोठे साहेब तुला शोधतायत. तू कातलेली चाकं कुठं तरी बघितली त्यांनी." माझा मित्र कामाला होता तीच ती कंपनी. मला वाटलं, त्यानेच माझं नाव सांगितलं असणार. इस्त्रीचा शर्ट घातला, काम दाखवायला बिस्किटाचा डबा बगलेत मारला आणि बोईसरच्या त्या बंगल्यावर गेलो.

साहेब दिलदार माणूस. दारातच म्हणाले, "आइए, आइए! पहियेवाले आप ही हैं?" आतल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल, त्यावर बोगदे, पूल, स्टेशन. आणि टेबलापाशी, गाडीचा वेग कमीजास्त करायची मूठ हातात धरून, माझा मित्र. मला बघून त्याचा हात थांबला. गाडीही थांबली. मग तो माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाला, "सर, यही हैं हमारे लेथवाले."

हमारे लेथवाले. त्याच्या आईच्या हातचं मी किती वेळा जेवलो असेन.

रुळावर उभी होती ती त्याच्या वाट्याची निम्मी गाडी. माझा गेरू, माझी काजळी, माझी चाकं. साहेबांनी कौतुकाने माझा डबा उघडला, माझ्या वाघिणी एकेक करून रुळावर ठेवल्या आणि बोटाने हलकेच मागे ढकलल्या. त्या त्याच्या वाघिणींना टेकल्या आणि परत आल्या. साहेबांनी पुन्हा ढकलल्या. पुन्हा परत. ते वाकून बघायला लागले. मीही वाकलो. त्याच्या प्रत्येक वाघिणीला नवं, धातूचं कपलिंग होतं.

"अरे, आपके तो पुराने हैं!" साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत पाकिटंच पाकिटं. "ले जाइए, जितने चाहिए. इनकी दीदी तो हर साल लाती हैं."

माझ्यापुढे चहा आला, नानकटाई आली. मी काही खाल्लं नाही. एवढा संताप झाला होता की तोंड उघडलं असतं तर त्या बिचाऱ्या साहेबांच्या घरात भलतंच काही बोललो असतो. वाघिणी धोतराच्या तुकड्यांत गुंडाळल्या आणि निघालो. तो बंगल्याच्या फाटकापर्यंत मागून धावत आला.

"आरं, तुला सांगनारच होतो."

"कदी?"

"साहेबाची मर्जी राखायला लागते. बढतीचं चाललंय माजं. तुला समजत नाय काय?"

"समजतं. मग मला कपलिंग द्यायला काय झालं होतं? मी काय साहेबाकडं येऊन तुज्या मांडीवर बसलो असतो?"

तो चिडला. चुकलेला माणूस चिडतो तसा. म्हणाला, "तुला काय करायची ती? रूळ तरी हायत काय तुज्याकडं?"

नव्हते. कधीच नव्हते. त्याचे रूळ ते माझे, असं मी धरून चाललो होतो.

साहेबांना चाकं मी कातून दिली, फोरमनजवळ आधीच कबूल केलं होतं म्हणून. फोरमनच्या हाती पाठवली आणि पुन्हा त्या बंगल्यावर गेलो नाही. पुढे साहेबांची गुजरातेत बदली झाली. निरोपाला मित्राने त्यांना आपल्या वाट्याच्या सगळ्या वाघिणी भेट दिल्या. हे मला बाजारात तिसऱ्याच माणसाकडून कळलं. बढती त्याला मिळाली होती.

त्यानंतरच्या थंडीत एका रविवारी सकाळी तो कुंभवलीला आला. हाक नाही, काही नाही, नेहमीसारखा सरळ आत, आणि पिशवीतून इंजिन काढून माझ्यासमोर ठेवलं. "फळी नवी केलीय. रूळ हायत, इंजिन हाय. वाघिणी तुज्या. चल, परत चालू करू." बायकोने आतून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, ठीक आहे. मनातून काढून टाकावं. मग इंजिनाचं कपलिंग दिसलं. नवं.

"हे कसं लागनार?" मी म्हटलं. "माज्या सगळ्या जुन्या हायत. सगळ्या बदलायला पायजेत."

"सगळ्या कशाला?" तो सहज म्हणाला. "एक वाघीण घे. तिला एका टोकाला नवं बसव, दुसऱ्या टोकाला जुनं राव दे. ती मधे घातली की झालं. पुढं काय पन लाव, मागं काय पन लाव."

खऱ्या रेल्वेतही असे दोन टोकांना दोन तऱ्हांचं कपलिंग असलेले डबे असतात, मला ते ठाऊक होतं. आणि हातात लेथ असून, इतकी वर्षं त्याच वाघिणी उलट्यासुलट्या करून मला हे सुचलं नव्हतं, कारण त्याने एकदा सांगितलं होतं की लागत नाही. मी तपासलंच नाही. मित्राचं बोलणं कोण तपासतो?

"हे तुला कदीपासून म्हाईत हाय?" मी विचारलं.

तो इंजिनाची चाकं अंगठ्याने फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, "पयल्यापासून."

म्हणजे त्या बंगल्यातही एका वाघिणीने भागलं असतं. अर्ध्या तासाचं काम. माझी निम्मी गाडी त्या मोठ्या टेबलावरही लागली असती, आणि मीही तिथे त्याच्या शेजारी उभा असतो. त्याला ती लागायलाच नको होती.

मी इंजिन उचललं, त्याच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली. तो उठला. बायको कपबश्या घेऊन दारात आली होती.

"चहा राव दे, वयनी," तो म्हणाला.

आमच्याकडे अशा वेळी हाताला धरून बसवतात. मी म्हटलं, "राव दे."