धुराचे डोहाळे

जगातले यच्चयावत नवरे गुन्हेगार आहेत असं मानून त्यांच्यावर जन्मभर पाळत ठेवणारी एकच बाई मी पाहिली, आणि माझ्या दुर्दैवानं ती आमच्या शेजारच्या खोलीत राहत होती. ऐंशीच्या दशकातली घाटकोपरची आमची चाळ. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला या सिस्टर. एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. तिथली ड्यूटी आठ तासांची, चाळीतली उरलेल्या सोळा तासांची. मूळच्या देवगडकडच्या; शांत असल्या की शुद्ध मराठी बोलायच्या, आणि मालवणी सुरू झाली की समोरच्यानं चपला शोधाव्यात. त्यांचं नाक तर पोलिसांनी उसनं न्यावं असं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभं राहून, कुठल्या मजल्यावर कोण विडी ओढतोय आणि कोण सिगरेट, हे त्या नावानिशी सांगत. पिशवीत कायम तान्ह्या बाळांचं वजन करायचा काटा असे. त्याच काट्यावर त्या भाजीवाल्याचा फ्लॉवर टांगून त्याला खोटा पाडत. पोर असो की फ्लॉवर, वजन कमी भरलं की चौकशी व्हायचीच.

पण त्यांचा खरा दरारा लंगोटाचा. चाळीत कुणाला दिवस गेल्याची कुणकुण लागली, की सिस्टर नव्या पांढऱ्या कापडाचा इवलासा लंगोट शिवून त्या घरी हजर. बाईसाठी नव्हे, नवऱ्यासाठी. "ओढ एक झुरका. आता तोंडाला हे लाव आणि यातून सोड." बिचारा सोडायचा. कापडावर पिवळसर तपकिरी गोल डाग उमटायचा. मग तो लंगोट सिस्टर सगळ्यांना दिसेल असा गॅलरीच्या दोरीवर चिमटा लावून टांगत. "हा तुझ्या पोराचा पहिला लंगोट. तू खोलीत सोडतोस ते बायको छातीत घेते, तिच्या रक्तातून ते पोराकडे जातं. पोर पुरतं वाढत नाही, पुढे दम्यानं धापा टाकतं. मेल्या, पोटातल्या पोराक खिडकी असता काय उघडूक?" त्यांच्या हुकमानं गर्भवतींचे नवरे पाण्याच्या टाकीमागे जाऊन सिगरेट ओढत. संध्याकाळी तिथे चारपाच भावी बाप खाली मान घालून उभे दिसायचे. आम्ही त्या जागेला ओ.पी.डी. म्हणायचो. एकदा खुद्द घरमालक भाडेकरूशी बोलत तिथे उभा राहिला, तर खालच्या मजल्यावरून त्याच्या बायकोला पेढे मागायला बायका गेल्या.

मी मात्र ओ.पी.डी.त जाणार नव्हतो. साकीनाक्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, दोन इंग्रजी शब्द जास्त येत होते, आणि एक नर्स मला टाकीमागे पाठवणार हे माझ्या हुशारीला पटत नव्हतं. बायकोला, निमाला, चौथा महिना होता. दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, तीही डास येतात म्हणून मी लावून घेतलेली. रोज डझनभर सिगरेटी त्या खोलीत संपायच्या. सिस्टर लंगोट घेऊन दारात आल्या तेव्हा मला एकदम सुचलं. मी म्हणालो, "सिस्टर, काय करू हो? निमालाच धुराचे डोहाळे लागलेत. वास आला नाही तर जेवण जात नाही तिला. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचे कान फुटतात म्हणतात ना!"

गॅलरी खदखदून हसली. चाळीत हा विनोद असा काही चालला, की टाकीमागचे नवरे रांगेनं मला शाबासकी देऊन गेले. दोघांनी आपल्याही बायकांना हेच डोहाळे लागल्याचं जाहीर केलं. सिस्टर लंगोट माझ्या हातात ठेवून गेल्या.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने घालून निमा पाटावर बसली होती, बायका वाट्या झाकून पेढा की बर्फी ओळखायला लावत होत्या. तेवढ्यात सिस्टर तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. "खरा सांग गो, तुका काय व्हया? खरंच धूर?" मी दारात उभा होतो. निमानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी 'खरं सांग' म्हणून मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी छताकडे पाहिलं. निमा म्हणाली, "हो. वास आवडतो मला." मग उठून मोरीत गेली आणि ओकली. बायका म्हणाल्या, गोड जास्त झालं. सिस्टर मोरीच्या दाराशी तांब्या घेऊन उभ्या राहिल्या.

मुग्धा जन्मली ती दिवस पुरे भरून, पण मूठभर. सिस्टरनी तिला काट्याच्या झोळीत घातलं, काटा वाचला, आणि गप्प बसल्या. ज्या बाईनं फ्लॉवरच्या वजनावरून भाजीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, ती गप्प बसली. इतका मी कधी घाबरलो नव्हतो. पहिल्याच पावसाळ्यात मुग्धाची छाती वाजायला लागली. माझी आई गावाहून आली आणि पहिल्या दिवशीच म्हणाली, "असले डोहाळे ऐकले नव्हते बाई! आईनंच पोरीची वाट लावली." चाळीनं माना डोलावल्या. निमा वाफारा धरून बसली होती. मी सिगरेट ओढायला बाहेर गेलो. तेव्हापासून टाकीमागेच जायचो. उशीर झाला होता, तरी जायचो.

सिस्टर निवृत्त होऊन गावी निघाल्या, तेव्हा मी त्यांची ट्रंक खाली उतरवली. म्हणाल्या, "तूच खरं काय ते सांग रे आता सगळ्यांना. मी सांगितलं तर लोक म्हणतील, ही बया अशीच. तू सांगितलंस तर निमा सुटेल." मी म्हणालो, "सांगतो." टॅक्सी हलली. त्यांच्या भाच्यानं त्या गेल्याचं पत्र पाठवलं, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

सिगरेट मी सोडली, त्याचं कौतुकही करून घेतलं. ते तेवढं सांगायचं राहिलं. मुग्धा आज चाळिशीची आहे. जिना चढली की पर्समधून दम्याचा पंप काढते, दोनदा ओढते आणि हसत म्हणते, "आई, काय गं तुझे डोहाळे!" निमाही हसते. एवढी वर्षं ती हसते आहे. म्हणून हे लिहितो आहे. मुग्धा, डोहाळे तुझ्या आईचे नव्हते. ती माझी थाप होती, आणि तुझ्या आईनं ती भर पंगतीत माझ्यासाठी खरी करून दिली.

गेल्या आठवड्यात हा कागद निमाला वाचून दाखवला. तिनं चष्मा पुसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खरे डोहाळे कसले होते हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं.

"कैरीचे. सगळ्यांसारखे," ती म्हणाली. "सिस्टर आणून द्यायच्या ना रोज एक. पदराखाली लपवून."

"लपवून कशाला?"

"अहो, चाळीनं मला कैरी खाताना पाहिलं असतं, तर तुम्ही खोटे पडला असतात."